मैदानातली मुलाखत

[पहाटेचे पाच. डांबरी सडक, दोन्ही बाजूंना तुरी. बॅटरीचा उजेड जवळ येतो.]

पोलिस शिपाई भरतीत मुलाखत नसते. विचारायचं ते मैदानच विचारतं. मैदानाचे ५० गुण, लेखीचे १००. मैदानात निम्मे मिळाले नाहीत तर लेखीचा विषयच संपला.

पोरांना १६०० मीटर, पोरींना ८००. याचे २० गुण. पुरे पाडायचे तर पोरांनी ५ मिनिटे १० सेकंदांत यायचं, पोरींनी २ मिनिटे ५० सेकंदांत. म्हणजे ४०० मीटरची एक फेरी पोरांना साडेसत्त्याहत्तर सेकंदांत पडली पाहिजे. चूक होते ती पहिल्याच फेरीत. घोळक्याच्या नादी लागून पासष्ट सेकंदांत सुटलेला पोरगा तिसऱ्या फेरीत चालायला लागतो.

[शाळेचं पटांगण. मग ड्रोनमधून गाव, वावरं, गायरान.]

शाळेच्या पटांगणात फेरी जेमतेम २०० मीटरची. वळणं इतकी आखूड की वेग मोडतो. म्हणून सगळे सडकेवर येतात, आणि महिन्याभरात नडगी ठणकायला लागते. वावरात पळावं तर काळी माती पावसाळ्यात बुटाला लोंबते, उन्हाळ्यात तिला पाय मुरगळेल अशा भेगा पडतात. मुरूम दाबून केलेली धावपट्टी दोन्ही ऋतूंत टिकते. ४०० मीटरच्या पूर्ण ट्रॅकला साधारण चार एकर जागा लागते. खाली दिसतंय ते गायरान त्याहून मोठं आहे.

[गोळा. हात. चुन्याचं वर्तुळ.]

हा गोळा ७ किलो २६० ग्रॅमचा, पोरींचा ४ किलोचा. गुण १५. पोरांना साडेआठ मीटर, पोरींना सहा मीटर गेला की पुरे गुण. वर्तुळाचा व्यास २.१३५ मीटर; सुतळी १ मीटर ६ सेंटिमीटर साडेसात मिलिमीटर मोजून खुंटीभोवती फिरवली की ते बरोबर आखलं जातं.

गोळा तळहातावर नाही, बोटांच्या मुळाशी धरायचा. हनुवटीखाली, मानेला टेकवून. इथून तो फेकायचा नसतो, ढकलायचा असतो. कोपर खाली पडलं की ढकलण्याची फेक होते. अंतर जातं, खांदाही जातो. “पोट्टेहो, कोपर वर!” ही हाक त्यासाठीच. खरा जोर मागच्या पायातून येतो: गुडघा वाकवा, टाच फिरवा, कंबर फिरवा, हात सगळ्यांत शेवटी. दंड कमावलेला पोरगा सातवर अडतो आणि किडकिडा साडेआठ काढतो, तो यामुळे. गोळा टाकून झाल्यावर पोरगा वर्तुळाच्या समोरून बाहेर पडला की फाऊल. मागच्या अर्ध्या भागातून निघायचं. घरी हे कुणी घोटत नाही, आणि चांगली फेक वाया जाते.

१०० मीटरचे १५ गुण. पोरांना साडेअकरा सेकंद, पोरींना चौदा. हातानं दाबायचं स्टॉपवॉच साधारण पाव सेकंद कमी दाखवतं, तेवढं धरून चाला. पोरांची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर, फुगवून पाच जास्त. लेखी नव्वद मिनिटांची: गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण.

[अभ्यासिका. टेबलामागे तिघे, समोर एक रिकामी खुर्ची.]

खरी मुलाखत फौजदारकीला. एमपीएससीच्या उपनिरीक्षक परीक्षेत तिला ४० गुण. प्रश्न निघतात उमेदवारानं स्वतः भरलेल्या माहितीतून. छंद म्हणून ‘शेती’ लिहिलं, तर पऱ्हाटीवरची गुलाबी बोंडअळी फवारणीला का दाद देत नाही, हे सांगता आलं पाहिजे. अळी बोंडात शिरलेली असते, औषध तिथवर पोचत नाही. घरच्या वावरातलं उत्तर, पण तिथं ते मराठीत नीट मांडावं लागतं.

कायद्याचं पुस्तक जुनं असेल तर बाजूला ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाची शिक्षा ३०२ मध्ये नाही, १०३ मध्ये. ४२० आता ३१८. येत नसेल तर ‘माहीत नाही सर’ म्हणावं. अंदाजानं कलम ठोकलं की पुढचे तीन प्रश्न त्याच कलमावर येतात.

वय निघून गेलेले परत वावरात जातात, काही नागपूर-पुण्याला सिक्युरिटीत.

[संध्याकाळ. वर्तुळ. टेप ओढली जाते.]

सात मीटर चाळीस.

चुना पुसट झालाय. सुतळी आणि खुंटी पुन्हा निघते.