विसाच्या आतले

(दृश्य: झेब्युलन, नॉर्थ कॅरोलायना. संध्याकाळ, बेसबॉलच्या मैदानावर दिवे लागताहेत. कॅमेरा होमप्लेटच्या, म्हणजे बॅटिंगच्या जागेच्या, मागच्या जाळीवर.)

जाळीला लागून बसलेली ही चार-पाच माणसं बघा. डोक्यावर टोपी, घामाने पाठीला चिकटलेला शर्ट, मांडीवर वही. धावफलक काय सांगतोय हे विचारलंत, तर त्यांना मान वर करून बघावं लागेल. त्यांचा जीव अडकलाय हातातल्या स्टॉपवॉचमध्ये. बॅटवर चेंडू आदळल्याचा आवाज आला, अंगठा दाबला. धावणाऱ्याचा पाय पहिल्या बेसवर पडला, पुन्हा दाबला. अंतर 90 फूट. उजव्या हाताने खेळणाऱ्याला साधारण 4.3 सेकंद लागले, तर वेग मध्यम. वहीत आकडा पडतो: 50.

हे स्काउट, क्लबांसाठी खेळाडू हेरणारे. यांची गुणपत्रिका 20 पासून सुरू होते आणि 80 ला संपते. 50 म्हणजे मेजर लीगमधला, सगळ्यांत वरच्या पायरीवरचा सरासरी खेळाडू, 80 म्हणजे पिढीत एखादा. 20 च्या खाली कुणालाच घालत नाहीत, तेवढी माणुसकी या धंद्यात आहे. विषय पाच: चेंडू बॅटला लावणं, लांब मारणं, पळणं, क्षेत्ररक्षण आणि फेक.

(दृश्य: अमेरिकेचा नकाशा, त्यावर उजळत जाणारी छोटी गावं.)

मेजर लीगचे क्लब 30. प्रत्येकाचे खाली चार संघ, म्हणजे 120 संघ. ही मायनर लीग. सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा चढत्या पायऱ्या. त्यांच्याही खाली फ्लोरिडा, अ‍ॅरिझोना आणि डोमिनिकन रिपब्लिकमधल्या अकादम्या, जिथे सोळा-सतरा वर्षांची पोरं करार करून येतात. एप्रिलमध्ये मोसम सुरू होतो, आणि जुलैत ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्याची सुट्टी आली की होतकरू खेळाडूंच्या याद्या नव्याने मांडायला घेतात.

का? एक तर वरची नावं गळतात. मेजर लीगमध्ये 130 पेक्षा जास्त वेळा बॅटिंग केली, किंवा पिचरने 50 डावांपेक्षा जास्त चेंडू टाकले, की तो नवखा राहत नाही. नाव यादीतून जातं. 2025 मध्ये तेच झालं. यादीच्या शेंड्यावरचा रोमन अँथनी 9 जूनला बोस्टनकडून खेळायला उतरला. पहिल्या नंबरचा मुलगा वर्ष संपायच्या आत पुढच्या शाळेत गेला, आता बाकावर कोण बसणार?

त्या जुलैची आमची यादी आम्ही एका अटीवर केली. 1 जुलै 2025 ला ज्याची वीस वर्षं पूर्ण झालेली नाहीत, तोच आत.

अट वयाची का, ते सांगतो. मायनर लीगचे आकडे एकटे बघितले तर हमखास फसवतात. ट्रिपल-एमधलं अल्बुकर्कीचं मैदान समुद्रसपाटीपासून 5,000 फुटांहून उंच, हवा विरळ. साधा उडालेला चेंडूही कुंपणापार जातो. तिथले होमरन बघून हुरळलात की संपलं. ट्रिपल-एमध्ये 27 वर्षांचा गडी धो-धो मारत असेल, तर ती त्याच्या वयाची रास्त कमाई आहे. पण तोच खेळ 19 वर्षांचा पोरगा डबल-एमध्ये दाखवत असेल, तर अकरावीचा मुलगा एम.ए.च्या पेपराला बसून पास होतोय असं समजा. त्यात डबल-एची पायरी सगळ्यांत अवघड. खालच्या पायरीवर तीन बॉल, म्हणजे मारायच्या टप्प्याबाहेरचे चेंडू, झाले की पिचर घाबरून सरळ चेंडू टाकतो. इथला पिचर तेव्हाही वळणारा चेंडू टाकून स्ट्राइक, म्हणजे बॅटरच्या विरुद्ध मोजला जाणारा चेंडू, काढतो. कित्येकांचं करिअर याच पायरीवर थांबलंय.

(दृश्य: ब्रॅडेंटन, फ्लोरिडा. सरावाच्या जाळ्यात बॅटिंग करणारा उंच मुलगा.)

पहिला नंबर कॉनर ग्रिफिन, पिट्सबर्ग पायरेट्स. मिसिसिपीचा. 2024 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, नववा उचलला गेला, तेव्हा आधीच्या आठ क्लबांचा आक्षेप एकच असावा. पळणं, फेक, ताकद, सगळं डोळ्यांत भरणारं. पण याची बॅट चेंडूला नीट लागेल का? शाळेत तो शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, खेळायचा, सेंटरफिल्डला, मागे मधोमध, उभा राहायचा, वर पिचिंगही करायचा. अशा मुलाबद्दल स्काउट मंडळी नेहमीच जरा साशंक असतात. सगळं येणाऱ्याला एक काहीतरी येत नसणारच, असा त्यांचा अनुभव.

पायरेट्सने त्याच्या स्विंगवर काम केलं. 2025 मध्ये तो सिंगल-एला, ब्रॅडेंटनला सुरुवातीलाच असा सुटला, की जूनमध्ये त्याला हाय-एला, ग्रीन्सबरोला धाडलं. इथे खरी मेख आहे. पायरी चढली की आकडे खाली यायला हवेत, तसा नियमच आहे. याचे आले नाहीत. ऑगस्टमध्ये डबल-ए, आल्टूना. तिथेही नाहीत. मोसमाच्या शेवटी सरासरी .333, म्हणजे दर तीन वेळांत एक हिट. 21 होमरन, 65 बेस चोरलेले, म्हणजे पिचर चेंडू टाकत असताना पळून गाठलेले. वय 19. जाणकारांच्या याद्यांतही तोवर पहिलं नाव त्याचंच झालं होतं. यात आमची हुशारी काही नाही, हा नंबर आंधळ्यालाही लावता आला असता.

दुसऱ्या नंबरावर मात्र आमच्यात वाद झाला.

(दृश्य: जुलैची शेवटची तारीख दाखवणारं कॅलेंडर.)

लिओ डी व्रीस. डोमिनिकन शॉर्टस्टॉप, दोन्ही हातांनी बॅटिंग करणारा. जानेवारी 2024 मध्ये सॅन डिएगो पाड्रेजने 42 लाख डॉलर देऊन करारबद्ध केला. जुलै 2025 मध्ये तो 18 वर्षांचा, हाय-एमध्ये, आणि सरासरी .250 च्याही आत. आमच्यातला एक जण म्हणाला, अरे, याचे आकडे तरी बघा! बघितले. मग 31 जुलै उजाडला, खेळाडूंच्या अदलाबदलीचा शेवटचा दिवस. अ‍ॅथलेटिक्स क्लबचा मेसन मिलर, ताशी 100 मैलांच्या वर सहज चेंडू टाकणारा, सामन्याची अखेर राखणारा पिचर, पाड्रेजला हवा होता. त्याच्यासोबत जेपी सिअर्स हाही पिचर आला. पाड्रेजला त्यासाठी आपला हाच पोरगा द्यावा लागला. बाजार त्या सरासरीकडे बघत नव्हता. 18 व्या वर्षी हाय-एमध्ये तो बुडाला नाही, त्यालाच किंमत होती. वाद तिथे मिटला.

हेसूस मादे त्याच्या पाठोपाठ, आणि आणखी लहान: मे 2007 चा जन्म. मिलवॉकी ब्रूअर्सने त्याला साडेनऊ लाख डॉलरमध्ये घेतला, डी व्रीसच्या पाव भागापेक्षाही कमी. सुरुवातीला दाखवलेलं झेब्युलनचं मैदान 2025 मध्ये त्याचंच होतं. चौथा सेबॅस्टियन वॉलकॉट, बहामाजचा, टेक्सास रेंजर्सने अख्खं वर्ष थेट डबल-एमध्ये ठेवलेला.

या लाखो डॉलरमुळे गैरसमज नको. ती सहीची रक्कम थोड्यांच्या नशिबी. बाकीच्यांचा संसार पगारावर, आणि सिंगल-एचा वार्षिक पगार 2023 पर्यंत होता 11,000 डॉलर. खेळाडूंनी 2022 मध्ये संघटना केली, तेव्हा कुठे पुढच्या वर्षीच्या करारात तो 26,200 झाला.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. टेक्सासच्या गणवेशातला हसरा तरुण.)

आणि याद्या चुकतात. कुरासाओ बेटावरचा जुरिक्सन प्रोफार 2013 च्या सुरुवातीला होतकरूंच्या यादीत पहिला होता, वय अवघं 19. नंतर खांदा गेला. 2014 आणि 2015 अशी दोन वर्षं मेजर लीगविना. तो पहिल्यांदा ऑल-स्टार झाला 2024 मध्ये, 31 व्या वर्षी. उलट होजे अल्तुवेला चाचणीतून उंचीमुळे घरी पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी तो परत आला, 15,000 डॉलरवर सही केली, आणि 2017 मध्ये मेजर लीगमधल्या अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

(दृश्य: व्हँकुव्हर. 1951 सालचं नॅट बेली स्टेडियम, मागे उंच झाडं.)

आता पाचवं नाव. आमच्यापैकी प्रत्येकाला इथे अर्जुन निम्माला लिहायचा मोह झाला, ते कबूल करतो. आईवडील भारतातून आलेले, मुलगा फ्लोरिडात वाढलेला. 2023 च्या ड्राफ्टमध्ये टोरांटो ब्लू जेजने विसावा घेतला तेव्हा 17 वर्षांचा. पुढच्या वर्षी डनेडिनच्या सिंगल-ए संघात त्याची बॅट चालेना. क्लबने त्याला त्याच गावातल्या सराव संकुलात खाली पाठवलं. गाव तेच, इयत्ता खालची. तिथून परतला तो होमरन मारतच, आणि पुढच्या मोसमाआधी नाव पहिल्या शंभरात. 2025 मध्ये व्हँकुव्हरला, हाय-एमध्ये, सुरुवात झकास झाली. जून लागला आणि बॅट पुन्हा थंडावली.

पाचवी जागा आम्ही रिकामी ठेवली. वहीत त्याचं नाव आहे, पेन्सिलने.

मोसम संपला तेव्हा अर्जुनची सरासरी .225 च्या आसपास घसरली होती. त्याची वीस वर्षं पूर्ण झाली ऑक्टोबरमध्ये, मैदानं बंद झाल्यावर.

(दृश्य: रिकामं नॅट बेली. पाण्याचे फवारे. आवाज हळूहळू बंद.)