तंजावरला आपटलेलं यंत्र

नमस्कार, श्रोतेहो. बारावीचा निकाल लागला की घराघरांत एक वाक्य हमखास कानावर पडतं: "काहीच नाही मिळालं तर भूगोल घे, पाठच तर करायचंय." विद्यापीठातला भूगोल पाठ करून भागत नाही. तिथे प्रॅक्टिकल असतं, सर्व्हे असतो, आणि कॉलेजच्या मैदानाचा नकाशा काढतानाही चांगल्या-चांगल्यांची भंबेरी उडते.

लोलकीय कंपास, म्हणजे उत्तरेपासूनचा दिशेचा कोन वाचायचं यंत्र, त्याचंच बघा. 'अ' खुणेवरून 'ब'कडे पाहिलं, वाचन आलं 62 अंश. हे फोर बेअरिंग, म्हणजे पुढच्या खुणेकडे बघून घेतलेलं वाचन. आता 'ब'वर जाऊन उलट 'अ'कडे बघायचं. दोन्हींत 180 चा फरक हवा, म्हणजे 242 यायला हवेत. आले 239! लगेच कंपासला दोष देऊ नका. जवळपास लोखंड आहे का ते बघा: विजेचा खांब, मैदानाचं फाटक, पट्ट्याचं बक्कल, खिशातल्या किल्ल्या. ते हलवता येत नसेल, तर जिच्या दोन वाचनांत बरोबर 180 चा फरक आहे अशी बाजू शोधा. तिची दोन्ही टोकं निर्दोष धरायची आणि तिथून पुढची वाचनं सुधारत जायची. तेव्हा पुढे वाचा आणि मागेही वाचा. पुन्हा सांगतो, पुढे आणि मागे, दोन्हीकडून. एकीकडूनच वाचलंत तर चूक झाली होती हेच कळणार नाही.

चूक कळल्यावर माणूस काय करतो, याची या विषयातली सगळ्यात भारी गोष्ट विल्यम लॅम्बटनची, म्हणजे त्रिकोण जोडत जोडत हिंदुस्थान मोजायला घेणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याची. 1802 साली त्याने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी शंभर फुटी साखळीने साडेसात मैलांची आधाररेषा मोजली. एक बाजू अशी मोजली की पुढचे त्रिकोण नुसत्या कोनांवर सुटत जातात. म्हणजे सगळा भार कोन मोजणाऱ्या थिओडोलाइटवर. हे यंत्र लंडनमध्ये बनलेलं, वजन सुमारे अर्धा टन, चकती 36 इंचांची. येतानाच त्याचं जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेलं होतं. पेटीत काय आहे ते कळल्यावर तिथल्या गव्हर्नरने ते सन्मानाने हिंदुस्थानात धाडलं. शत्रूच्या तावडीतून सहीसलामत सुटलेलं यंत्र!

1808 मध्ये हा लवाजमा पोचला सरफोजी राजांच्या तंजावरला. मुलूख सपाट, ताडामाडांची दाटी, चढायला टेकडी नाही. मग यंत्र मांडायचं कुठे? मोठ्या देवळाच्या शिखरावर. दोर लावून ओढायला सुरुवात झाली, अर्ध्या वाटेत यंत्राला भिंतीपासून दूर धरणारा दोर तुटला आणि अर्धा टनाचं ते धूड दगडावर आपटलं. चकतीच वाकली.

आता हिशेब करा. 36 इंचांच्या चकतीवर एका अंशाच्या वाट्याला येतात जेमतेम 8 मिलिमीटर. एक मिनिट म्हणजे त्याचा साठावा भाग. आणि कोन नुसता एका मिनिटाने चुकला, तर 30 किलोमीटरवरची खूण सुमारे 9 मीटर सरकते. पुढचा त्रिकोण त्या सरकलेल्या खुणेवर उभा राहणार, त्याच्या पुढचा त्याच्यावर.

दुसरं यंत्र मागवायचं तर कित्येक महिने गेले असते. लॅम्बटन तंबूत शिरला आणि मुख्य कारागिरांखेरीज कुणालाही आत येऊ दिलं नाही. मोठ्या सपाट फळीवर चकतीच्या मूळ मापाचं वर्तुळ कापून घेतलं. पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून वाकलेली कड हळूहळू ओढत त्या वर्तुळाला आणून भिडवली. चकतीचे वाकलेले आरे लाकडी हातोड्याने ठोकून सरळ केले. सहा आठवडे हेच. आणि त्याच यंत्रावर सर्वेक्षण पुढे सरकलं. पुढे त्याच्या जागी आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टनेही ते डागडुजी करून वापरलं.

एव्हरेस्टच्या नावाचं शिखर झालं. लॅम्बटन मात्र जानेवारी 1823 मध्ये नागपूरच्या वाटेवर आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला वारला. कबर तिथेच आहे. भूगोल विभागांच्या सहली महाबळेश्वरच्याच पॉइंटांवर का जातात कोण जाणे. एखादी बस हिंगणघाटलाही वळवावी.

वेळ थोडा उरलाय, म्हणून टोपोशीटचं, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या स्थलदर्शक नकाशाचं, धावतं सांगतो. क्रमांकाला बिचकू नका. 47 एफ 14 यात 47 हा अक्षांश-रेखांशांचा चार अंशांचा चौकोन, एफ हा त्यातला एक अंशाचा, 14 हा त्यातला पंधरा मिनिटांचा. शनिवारवाडा या शीटवर आहे, कात्रज मात्र पंधरावर. पुण्याचा अभ्यास करायचा तर दोन्ही शीट लागतात; निम्मी मुलं एकच घेऊन येतात.

शेवटी, कंपासचा सर्व्हे कागदावर उतरवला की आकृतीचं शेवटचं टोक पहिल्याला मिळत नाही, फट राहते. बारीक असेल तर सुरुवातीपासूनच्या अंतराच्या प्रमाणात प्रत्येक बिंदू थोडाथोडा सरकवून ती मिटवा. बोटभर असेल तर वाचनातच घोटाळा आहे, टेप घेऊन परत मैदानात जा. जर्नल देखणं दिसावं म्हणून रात्री खोलीत बसून आकडे जुळवायची वाईट खोड काही कॉलेजांना आहे, आणि तिला गुणही मिळतात, हे त्याहून वाईट. फील्डबुक पेन्सिलीनेच लिहा, चुकलेला आकडा खोडरबराने घालवू नका. त्यावर एक रेघ मारा आणि नवा शेजारी लिहा, म्हणजे तोंडी परीक्षेत विचारलं तर दाखवता येईल. नमस्कार.