रविवारची मिरवणूक, सोमवारचा घेवडा

नमस्कार श्रोतेहो.

एका सोमवारच्या रात्रीपासून सुरुवात करते. बाहेर नुकताच पाऊस पडून गेला होता. आत पाचजणांचा ताफा वाजवत होता: ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्युबा आणि दोन ढोलवाले. जागा केवढी, तर चाळीतल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाएवढी. पितळी वाद्यांचा आवाज कानांनी ऐकू येण्याआधी छातीत जाणवत होता. गाणं संपलं. ट्रम्पेटवाल्यानं तोंड पुसलं, वाद्य खुर्चीवर ठेवलं, कोपऱ्यातल्या मोठ्या पातेल्याचं झाकण काढलं आणि डाव हातात घेऊन वाढायला लागला. भात, आणि भातावर दाट शिजलेला लाल घेवडा. माझा नंबर आला तेव्हा त्यानं विचारलं, "तिखट चालेल ना, बेबी?" माझं वय 62. त्या गावात सगळ्यांनाच बेबी म्हणतात, आणि ते कानाला फार गोड लागतं. घेवड्याचे पैसे कुणी मागितले नाहीत. माझ्या हातात वाडगा देऊन तो परत वाजवायला गेला.

हे गाव म्हणजे न्यू ऑर्लिन्स. अमेरिकेच्या दक्षिणेला, लुइझियाना राज्यात, मिसिसिपी नदी जिथे मोठं वळण घेते तिथे वसलेलं. जॅझ संगीत इथलं. माझी भाची तिथे शिकायला होती म्हणून मी तीन आठवडे राहून आले. जायच्या आधी मला वाटायचं, गाणं ऐकायला एका जागी जायचं आणि जेवायला दुसऱ्या. तिथे पहिल्याच आठवड्यात कळलं की वाजवणारे हात आणि वाढणारे हात एकाच घरातले आहेत. तेच आज तुम्हाला सांगायचंय.

आधी घेवडा सोमवारीच का, ते ऐका. पूर्वी सोमवार हा धुण्याचा दिवस. बाईमाणूस दिवसभर धुण्यात गुंतलेली, चुलीपाशी उभं राहायला सवड नाही. मग रविवारच्या जेवणातलं उरलेलं मांसाचं हाडूक आणि भिजवलेला घेवडा पातेल्यात टाकायचा आणि मंद आचेवर दिवसभर शिजू द्यायचा. धुणं वाळेपर्यंत जेवण तयार. यंत्रं आली, धुण्याचा दिवस गेला, पण सोमवारचा घेवडा राहिला. आजही मोठ्या हॉटेलापासून कोपऱ्यावरच्या बारपर्यंत सोमवारी तोच शिजतो. याच गावात 1901 साली जन्मलेला ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग पुढे जगभर गाजला, पण पत्राच्या शेवटी 'आपला विश्वासू' लिहावं तिथे 'आपला घेवडाभातपूर्वक' अशा अर्थाचं काहीतरी लिहून सही करायचा. आपल्याकडे कोरेगाव भागात जो वाघ्या घेवडा पिकतो, तो खाल्लेल्या माणसाला या प्रेमाचं नवल वाटणार नाही.

आता थोडं मागे जाऊ. गावात ट्रेमे नावाची वस्ती आहे. तिथे आर्मस्ट्राँगच्या नावाची बाग आहे आणि बागेत एक मोकळं, दगडी फरशीचं मैदान. काँगो स्क्वेअर. गुलामगिरीच्या काळात आफ्रिकेतून आणलेल्या लोकांना रविवारी दुपारी इथे जमायची मुभा असे. 1817 साली नगरपालिकेनं कायदाच केला की जमायचं ते एवढ्याच जागी. मग इथे ढोल वाजायचे, फेर धरून नाच व्हायचा, आणि त्याच मैदानात बाजार भरायचा. बायका टोपल्या घेऊन बसायच्या. त्यांच्याकडे काला नावाचा पदार्थ असायचा. नाव ऐकून आपल्याला गोपाळकाला आठवतो, पण हा तळलेला. शिजवलेला भात, पीठ, अंडं आणि साखर एकत्र करून कालवायचं आणि गोळे तळायचे. साधारण आपल्या गुलगुल्यांच्या जातीचा. त्याही आधी, गावावर स्पेनचं राज्य होतं तेव्हा, गुलामाला स्वतःची किंमत मोजून मोकळं होता येत असे, आणि काही बायकांनी असे पदार्थ विकून, पैशाला पैसा जोडून, स्वतःला आणि आपल्या माणसांना सोडवलं. मी त्या फरशीवर भर दुपारी उभी राहिले. पायाखाली ढोल वाजत होते असं म्हणणार नाही. पण एका टोपलीतून केवढं काय विकत घेतलं गेलं, हा विचार मनातून जाईना.

या गावचं मुख्य कालवण म्हणजे गंबो. गंबो हा शब्दच मुळी आफ्रिकन भाषांतला, आणि त्याचा अर्थ भेंडी! आपली भेंडी हो. तिच्या बुळबुळीतपणाला आपण नावं ठेवतो, तिथे त्यानंच रस्सा दाट करतात. कुणी भेंडीऐवजी ससाफ्रास झाडाच्या वाळलेल्या पानांची पूड घालतात. ती विद्या इथल्या मूळच्या चॉक्टॉ लोकांची. आणि बुडाशी असतो तो रू, हा फ्रेंचांकडून आलेला. रू म्हणजे तेलात किंवा तुपात भाजलेलं पीठ. लाडवांचं बेसन भाजताना आपण कशा कढईपासून हलत नाही, हात थांबवत नाही, तसंच अगदी. फरक इतकाच की ते लोक बदामी रंगावर थांबत नाहीत, चॉकलेटी होईपर्यंत जातात, आणि एक क्षण पुढे गेलं की जळालं. मग त्यात कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी. पुढे कोळंबी, खेकडे, कोंबडी, सॉसेज, ज्याची जशी ऐपत आणि आवड. शाकाहारी श्रोत्यांना सांगून ठेवते, पालेभाज्यांचा हिरवा गंबो म्हणून एक प्रकार असतो, पण त्यातही बहुतेक ठिकाणी मांस घालतात. विचारूनच घ्यावं.

मी गंबो खाल्ला तो डूकी चेसमध्ये. ऑर्लिन्स अव्हेन्यूवरचं हे हॉटेल 1941 साली सुरू झालं. त्या घरचा मुलगा डूकी चेस ट्रम्पेट वाजवायचा, त्याचा स्वतःचा वाद्यवृंद होता. त्यानं लग्न केलं लीया नावाच्या मुलीशी. ती घरात आली आणि पुढची सत्तरेक वर्षं ते स्वयंपाकघर तिचं होतं. ट्रम्पेटवाल्याचं आणि सुगरणीचं लग्न! या गावाची गोष्ट कुणाला एका वाक्यात हवी असेल तर ती हीच. पण लीयाबाईंचं खरं मोठेपण पुढे आहे. गोऱ्यांनी आणि काळ्यांनी एका टेबलाशी बसून जेवणं तेव्हा कायद्याला मंजूर नव्हतं. त्या काळात यांच्या माडीवरच्या खोलीत दोन्हीकडची माणसं एकत्र बसायची, नागरी हक्कांच्या लढ्याची आखणी करायची, आणि खालून गंबोचे वाडगे वर जायचे. पंगतीतल्या भेदानं आपल्या समाजाचं काय झालं, हे आपण जाणतो. म्हणून तो वाडगा हातात घेताना मला भरून आलं. लीयाबाई 2019 साली गेल्या, 96 वर्षांच्या होत्या. 2005 च्या ऑगस्टमध्ये कॅटरिना वादळानं बांध फुटले आणि गावाचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला, तेव्हा या हॉटेलातही पाणी शिरलं. ऐंशी ओलांडलेल्या बाईनं ते पुन्हा उभं केलं.

बरं, ऐकायला कुठे जायचं? बर्बन स्ट्रीटचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. एकदा बघून यावं, पण माझं मन तिथे रमलं नाही. गोंगाट फार, आणि गाणं त्या गोंगाटाशी भांडत असतं. तिथून चालत पंधरा-वीस मिनिटांवर फ्रेंचमेन स्ट्रीट आहे, तिथे जा. हा रस्ता जेमतेम दोन-तीन गल्ल्यांएवढा, आणि दारादारातून वेगळा सूर. एका दारात क्लॅरिनेट, पुढच्यात ब्लूज, कोपऱ्यावर शाळकरी वयाची पोरं ट्युबा घेऊन उभी. स्नग हार्बरसारख्या जागी एका बाजूला निवांत जेवायचं आणि मग शेजारच्या खोलीत बसून मैफल ऐकायची, अशी सोय आहे. बऱ्याच लहान जागांना तिकीट नसतं. मध्येच एक बादली फिरते. ती आली की हात आखडता घेऊ नका. वाजवणाऱ्यांचं त्या रात्रीचं पोट पुष्कळदा त्या बादलीवर असतं. आपल्याकडे तमाशात, भजनात कलावंताच्या हातावर नोट ठेवायची रीत होती आणि आहे. त्यात उपकार नसतो, मान असतो. तिथेही तसंच आहे.

प्रिझर्व्हेशन हॉलबद्दल मात्र वेगळं सांगायला हवं. 1961 सालची ही जागा. आत खायला-प्यायला काही मिळत नाही. भिंतींचा रंग उडालेला, बसायला बाकं आणि जमिनीवर उशा, ध्वनिक्षेपक नाही. पाऊण तास वाजवतात. म्हातारे वादक, ज्यांना कुणी बोलावेनासं झालं होतं, त्यांना मानानं वाजवता यावं म्हणून हे सुरू झालं. मी पहिल्या रांगेत उशीवर बसले होते, ट्रॉम्बोनची नळी पुढे आली की मी अंग चोरायची. एवढ्या जवळून वादकाचा श्वासही ऐकू येतो. श्वास घेतला की आता काय येणार याची आपणही वाट बघतो. गर्दीच्या मोठ्या सभागृहात हे सुख मिळत नाही, मग तिकीट कितीही महाग असो.

आणि मी आज रेडिओवरून बोलतेय, तर एक रेडिओची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्रोफेसर लाँगहेअर या नावानं ओळखला जाणारा एक मोठा पियानोवादक होता. उतारवयात त्याला वाजवायला हक्काची जागा हवी म्हणून त्याच्या चाहत्यांनी 1977 मध्ये टिपिटिनाज नावाची जागा सुरू केली. 1980 च्या शेवटी गावात डब्ल्यूडब्ल्यूओझेड हे लोकांचं रेडिओ केंद्र सुरू झालं, ते सुरुवातीला याच जागेच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली मैफल रंगली की वरची मंडळी जमिनीच्या भोकातून मायक्रोफोन खाली सोडायची आणि गाणं थेट हवेवर! आज ते केंद्र दर दोन तासांनी सांगतं, आज रात्री कोण कुठे वाजवतंय. भाचीच्या घरी तो रेडिओ सकाळपासून चालू असे. भाजी चिरता चिरता आम्ही संध्याकाळ ठरवायचो.

आता रविवार. हे मला सगळ्यात जवळचं वाटलं. तिथे जुनी मंडळं आहेत, एकमेकांच्या आजारपणाला आणि मयताला उपयोगी पडण्यासाठी कृष्णवर्णीय लोकांनी वर्गणी काढून उभारलेली. भिशीला माणुसकी जोडावी तशी. सभासद गेला की मंडळ बँड आणायचं. स्मशानाकडे जाताना संथ, जड पावलांचं भक्तिगीत. देह मातीला दिला, की परतताना तोच बँड उसळत्या लयीत वाजवतो आणि लोक नाचू लागतात. आपल्या खेड्यापाड्यांत माळकऱ्याची अंत्ययात्रा टाळमृदंगाच्या गजरात निघते. ती ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे विचित्र वाटणार नाही. बँडच्या मागे चालणाऱ्या लोकांना तिथे 'सेकंड लाइन' म्हणतात, दुसरी रांग. मयत नसतानाही वर्षातले बरेचसे रविवार या मंडळांच्या मिरवणुका निघतात. बघे असे कुणी नसतातच. जो रस्त्यावर आला तो दुसऱ्या रांगेत. मी गुडघेदुखीची बाई, चार-पाच चौक चालले. वाटेत लोकांनी गाडीच्या मागच्या हौद्यावर शेगडी पेटवलेली, सॉसेज भाजून पावात घालून देत होते, रुमालानं घाम पुसायचा, दोन घास खायचे, पुन्हा चालू लागायचं. वारीत दिंडी थांबते तिथे गाववाले कांदा-भाकर घेऊन उभे असतात ना, तेच मला सारखं आठवत होतं.

या सुरांशी आपलं नातं अगदीच लांबचं नाही, बरं का. 1930 च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय वादक येऊन वाजवत. ते ऐकून गोव्याची पोरं, जी चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून आली होती, जॅझ वाजवायला लागली. हळदोण्याचे आंतोनिओ झेवियर वाझ हे त्यातलेच. सगळे त्यांना चिक चॉकलेट म्हणत, आणि भारताचे आर्मस्ट्राँग ही त्यांची ख्याती. आपले सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे चितळकर, यांनी 1951 च्या 'अलबेला'त त्यांना साथीला घेतलं. त्या सिनेमातली गाणी लग्नाच्या वरातीत आजही वाजतात. बँडवाल्याच्या ट्रम्पेटवर आपली मावशी, आत्या, काका नाचतात, तेव्हा मिसिसिपीकाठचा एक धागा हळदोण्यावरून येऊन आपल्या गल्लीत पोचलेला असतो.

श्रोतेहो, आज रविवार आहे. घरात लाल राजमा किंवा वाघ्या घेवडा असेल तर रात्री झोपण्याआधी भिजत घाला. उद्या सकाळी कांदा, ढोबळी मिरची आणि भरपूर लसूण परतून त्यात भिजलेले दाणे आणि पाणी टाका, तमालपत्र, थोडं लाल तिखट, आधी दहा मिनिटं खळखळून उकळा, आणि मग मंद आचेवर विसरून जा. हाडकाची गरज नाही, मी करून पाहिलंय. दाणे फुटून रस्सा आपोआप दाट झाला की मीठ घाला आणि गरम भातावर वाढा. आणि तो शिजत असेल तेवढ्या वेळात आर्मस्ट्राँगचं ट्रम्पेट लावून ठेवा, स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

नमस्कार.