लॅबमध्ये पास झालेलं बंकर तेल पण इंजिन खाऊ शकतं

नमस्कार मंडळी, आज नेरूळहून, घरच्या गॅलरीतूनच बोलतोय, मधेच लोकलचा आवाज आला तर सांभाळून घ्या. परवा अटल सेतूवरून येताना न्हावा शेव्याला लागलेली कंटेनर जहाजं बघून भाचा म्हणाला, मामा, एवढं मोठं इंजिन म्हणजे डिझेल पण एकदम भारीतलं लागत असेल ना? तर नाही, उलट आहे. रिफायनरीत पेट्रोल, डिझेल, रॉकेल सगळं काढून घेतल्यावर तळाला जे उरतं त्यात पातळ तेलं मिसळून जहाजाचं तेल, म्हणजे बंकर, बनतं. काळं, घट्ट, थंड झालं की डांबराचा भाऊ. ३८० ग्रेड म्हणतात ते ५० डिग्रीला ३८० सेंटिस्टोकपर्यंत (जाडी मोजायचं माप) जाड असतं आणि मोठ्या टू-स्ट्रोक इंजिनला फ्युएल पंपापाशी साधारण १० ते १५ लागतं, म्हणून मग ते १३० डिग्रीच्या आसपास तापवूनच आत सोडायचं.

तेल कसं असावं याचं स्टँडर्ड आहे, आयएसओ ८२१७. फ्लॅश पॉइंट, म्हणजे तेलाची वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, किमान ६० डिग्री, पाणी जास्तीत जास्त अर्धा टक्का, अशी मोठी यादी आहे, ती वाचून दाखवत बसत नाही. १ जानेवारी २०२० पासून सल्फर साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणलं, आणि तेव्हापासून बघतोय, जो तो सल्फरचंच विचारतो. मला बोलायचंय ते कॅट फाइन्सवर.

हे काय असतं, तर रिफायनरीत जड तेल फोडायला कॅटॅलिस्टची पावडर वापरतात, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनची, आणि तिचे बारीक कण तेलाबरोबर वाहून येतात. मायक्रॉनमध्ये मोजायचे, म्हणजे डोळ्याला दिसणार नाहीत, पण लोखंड खरवडतील इतके कडक. भातात खडा लागला तर आपण थुंकून टाकतो, इंजिन कुठे थुंकणार, तो कण लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीच्या, कास्ट आयर्नमध्ये जाऊन रुततो आणि पिस्टन रिंगला कानशीसारखा घासत बसतो. आणि सल्फर कमी करायला जी तेलं मिसळतात त्यातली काही याच तेल फोडणाऱ्या (क्रॅकिंग) युनिटमधून आलेली असतात, त्यामुळे तेल "स्वच्छ" झालं म्हणून हा प्रश्न सुटला असं अजिबात नाही.

आता नीट ऐका. ३८० ग्रेडला स्टँडर्ड म्हणतं, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन मिळून किलोला ६० मिलिग्रॅमपर्यंत चालेल. इंजिन बनवणारे म्हणतात, इंजिनच्या तोंडाशी १५ च्या वर नको. मग मधले ४५ कोण काढणार? जहाजावरचा प्युरिफायर, म्हणजे तेल गरगर फिरवून पाणी आणि कण बाजूला काढणारं मशीन, आणि तो सांभाळणारा फोर्थ इंजिनिअर.

मी फोर्थ होतो तेव्हाचं सांगतो. बंकर घेतलं, रिपोर्ट आला, सगळं लिमिटमध्ये. प्युरिफायरला तेल ९८ डिग्रीला जायला पाहिजे, आमचा हीटर आतून चोक झालेला, ८८-८९ च्या वर काटा जाईना. नवीन तेल पातळ आहे, चालतंय की, असं सगळेच धरून चाललो, मी पण रोज वॉचला ८८ लिहीत गेलो आणि चीफला एकदाही तोंड उघडून सांगितलं नाही. पण तेल पातळ असणं वेगळं आणि कण बाजूला पडणं वेगळं, तापमान दहा डिग्री उतरलं की प्युरिफायरची ताकद खूप पडते, मग निदान फ्लो तरी कमी करायचा, तोही आम्ही केला नाही.

पुढे समुद्र खवळला. जहाज हलायला लागलं की सेटलिंग टँकच्या, म्हणजे प्युरिफायरच्या आधी तेल निवळत ठेवतात त्या टाकीच्या, तळाला बसलेलं सगळं घुसळून वर येतं, पाणी आणि त्या पाण्याला चिकटून राहिलेले कॅट फाइन्स. ऑटो फिल्टर सारखा सारखा फ्लश मारायला, म्हणजे स्वतःला धुवायला, लागला, तीच खरं तर घंटा होती. पोर्टला लागल्यावर स्कॅव्हेंज पोर्टमधून, म्हणजे सिलिंडरला हवा जाते त्या भोकांतून, टॉर्च मारून बघितलं तर तीन नंबर सिलिंडरच्या रिंगांवर वरून खाली ओरखडेच ओरखडे, एक रिंग तर बोटाने दाबली तरी हलेना. पिस्टन काढला, लायनर मोजला, पूर्ण दिवस आणि रात्र त्यातच गेली, आणि तो लायनर बदलावाच लागला.

म्हणून बेलापूर, खारघरला कोर्स करणाऱ्या पोरांना कळकळीने सांगतो, बंकरिंगला, म्हणजे तेल भरून घेताना, मॅनिफोल्डवरच्या (जिथे तेलाचा होज जोडतात) ड्रिप सॅम्पलरपाशी स्वतः उभे रहा. पंपिंग सुरू झाल्यापासून संपेपर्यंत थेंब थेंब पडला पाहिजे, तेल देणाऱ्या बार्जवरून कोणी भरलेली बाटली हातात दिली तर घेऊ नका. सील समोर लावून घ्या, सीलचा नंबर बंकर नोटवर, म्हणजे तेलाच्या पावतीवर, चढलाय का बघा. मारपोलची, म्हणजे जहाजांच्या प्रदूषणाच्या आंतरराष्ट्रीय कायद्याची, बाटली किमान ४०० मिलीची, तेल संपेपर्यंत आणि कमीत कमी १२ महिने जपायची. वाद झाला तर तीच बाटली तुमच्या बाजूने बोलते.

सेटलिंग आणि सर्व्हिस टँकचं (इंजिनला तेल देणारी टाकी) ड्रेन रोज, खराब वेदर येणार असेल तर त्याच्या आधी जास्तच. जुन्या तेलावर नवीन तेल ओतू नका, दोन्ही पास असली तरी एकमेकांत पटलं नाही की गाळ धरतो आणि प्युरिफायर चिखलाने भरतो. आणि लॅबला फक्त बंकरचं सॅम्पल पाठवून थांबू नका, प्युरिफायरच्या आधीचं आणि नंतरचं अशी दोन सॅम्पल पाठवा. कॅट फाइन्स आधी ४० आणि नंतर पण ३० आलं तर सप्लायरला फोन करायच्या आधी हीटर उघडा.