काळ्या मेंढीची कावीळ

नमस्कार मंडळी.

उन्हाळा संपत आला की माळावर गवताची काडी उरत नाही. बांधावरची घाणेरी, म्हणजे टणटणी, तेवढी हिरवीगार असते. एरवी मेंढरं तिला तोंड लावत नाहीत. पण दोन दिवस चालून नव्या शिवारात आलेली, भुकेली मेंढरं लावतात. मागं पन्हाळ्याच्या पायथ्याला एका मामांनी मला बोलावलं. "डॉक्टर, मेंढी खाईना, रवंथ करीना, सावली सोडीना." लेंडी वाळून खडा झालेली. खालची पापणी ओढून बघितली, तर आतून हळदीसारखी पिवळी.

घाणेरीच्या पानातलं लँटाडीन हे विष यकृतातली पित्ताची वाट अडवतं. हिरवा चारा पचताना हरितद्रव्यापासून जे द्रव्य तयार होतं, ते एरवी पित्तावाटे निघून जातं. वाट बंद झाली की ते रक्तातून कातडीत उतरतं, आणि ऊन लागताच कातडी भाजल्यासारखी होते. पांढऱ्या तोंडाच्या मेंढीचे कान, ओठ, पापण्या सुजतात, मग खपल्या धरतात. आपली दख्खनी मेंढी बहुतेक काळी. काळ्या कातडीला ते ऊन तेवढं बाधत नाही, त्यामुळं तोंडाकडं बघून आजार कळतच नाही. मला काळजी आहे ती याची. रोज संध्याकाळी वाड्यात दोन-चार जणींच्या पापण्या बघत जा.

आणखी एक. पोट थांबलेलं असतं, त्यामुळं खाल्लेला पाला आतच राहतो आणि विष पुढेही रक्तात भिनत राहतं. ते धरून ठेवायला डॉक्टर औषधी कोळसा पाजतात. जितका लवकर, तितका बरा.

बुरशीही यकृतच धरते. न्यूझीलंडमध्ये कुरणातल्या वाळक्या गवतावरच्या बुरशीनं मेंढ्यांची तोंडं अशीच सुजतात. आपल्याकडं जपायचं ते पेंडीला. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की कोंबड्या मेल्या, त्या बुरशी धरलेल्या शेंगदाणा पेंडीनं. त्यातलं अफलाटॉक्सिन हे बुरशीचं विष उकळून जात नाही, की उन्हात वाळवूनही. मोठी मेंढी बरंच सोसते, कोकराला ते झेपत नाही. गगनबावडा, राधानगरीकडच्या पावसात पोतं भिंतीला टेकवू नका, फळीवर ठेवा. कुबट वास आला तर ती पेंड पुरून टाका. पैसे गेल्याचं दुःख मला कळतं, तरीही पुरा.

आणि पापणी पिवळी दिसली, तर मेंढी सावलीला बांधा, हिरवा चारा बंद करा, पुढ्यात पाणी ठेवा. डॉक्टरांना फोन कराल तेव्हा गेल्या आठवड्यात मेंढरं कुठल्या बांधाला चरली, ते आठवून सांगा.