कासव किनाऱ्यावर, वानर वाडीत

श्रोतेहो, नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील, बाणकोट खाडीजवळचे वेळास हे गाव पूर्वी नाना फडणवीसांचे गाव म्हणून ओळखले जाई. आज ते कासवांचे गाव म्हणून ओळखले जाते. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत खड्डा करते, त्यात साधारण शंभर ते दीडशे अंडी घालते आणि खड्डा बुजवून समुद्रात परतते. ही अंडी कोल्हे, कुत्री उकरून काढीत आणि माणसेही नेत असत. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने येथे संरक्षणाचे काम सुरू केले. पहाटे किनारा पायी तुडवून घरटी शोधणे, कुंपण घातलेल्या जागेत मूळ खड्ड्याइतक्याच खोलीवर अंडी पुन्हा पुरणे आणि सुमारे पन्नास दिवसांनी बाहेर आलेली पिल्ले पाण्याकडे सोडणे, असे हे चिकाटीचे काम गावकऱ्यांनी पुढे आपलेसे केले. पिल्लांचे समुद्राकडे जाणे पाहायला येणारे पाहुणे गावातल्याच घरांत उतरतात, घरचेच जेवतात, आणि हॉटेल न बांधता गावात पैसा येतो. २०२२ च्या जानेवारीत उपग्रहावरून माग घेणारे यंत्र बसवून सोडलेल्या येथील मादीचे नाव ‘प्रथमा’ ठेवले गेले, तेव्हा गावाला लेक सासरी निघाल्यासारखे वाटले असेल, असे मला आपले वाटते.

परंतु किनारा सोडून वाडीत शिरले की वेगळेच ऐकू येते. वानर आणि लाल तोंडाची माकडे कोवळी शहाळी फोडतात, फणसाची कुयरी खाली पाडतात, परसातल्या पडवळ-दोडक्यांचे वेल ओरबाडतात. रात्री रानडुकरे भाताच्या लोंब्या आणि कंद उद्ध्वस्त करतात. या उपद्रवाचे खापर केवळ जंगलतोडीवर फोडणे मला अपुरे वाटते. घरातली तरुण माणसे मुंबईला गेली, वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनी पडीक राहिल्या, त्यांवर रान माजले आणि डुकरांना लपायला जागा मिळाली. शिवाय शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, बसून डबे वाजवीत रात्रभर राखण करायला घरात माणूसच उरले नाही. राखण नाही म्हणून नुकसान होते, नुकसान होते म्हणून नाचणी आणि कुळीथ पेरणे बंद होते, आणि ती जमीनही पडीक पडते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या दोडामार्गात तर कर्नाटकातून आलेल्या हत्तींमुळे केळी-माडांच्या बागायतदारांपुढे याहून मोठे संकट आहे.

या दोन चित्रांची सांगड घालणे, हा मला आज मांडायचा मुद्दा आहे. पाहुण्यांचा पैसा मुख्यतः खोल्या असलेल्या घरांत जातो, तर वन्यप्राण्यांचा भार डोंगराकडच्या वाडीवर पडतो. मच्छीमारांच्या बाबतीत हा हिशेब काही प्रमाणात जुळवला गेला आहे. जाळ्यात अडकलेले कासव किंवा अन्य संरक्षित जलचर सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले, तर मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देणारी योजना राज्यात २०१८ पासून आहे. प्राणी वाचवणाऱ्याचे नुकसान त्याच्या एकट्याच्या माथी मारू नये, हे तत्त्व तिने मान्य केले. माडाखाली पडलेल्या चार फुटक्या शहाळ्यांचा पंचनामा करायला मात्र कोण येणार?

म्हणून पर्यटनाच्या उत्पन्नातील ठरावीक भाग गावानेच राखणीसाठी वेगळा काढावा, असे मला वाटते. त्यातून हंगामात पगारी राखणदार नेमता येतील, सामाईक कुंपण घालता येईल आणि पडीक जमिनीची साफसफाई करता येईल. पाहुण्यांचे जेवणही डोंगराकडच्या वाडीतून येणाऱ्या नाचणी-कुळिथावर ठेवता येईल. ज्यांच्याकडे पाहुण्यांना द्यायला खोली नाही, त्यांनाही पर्यटनात वाटा मिळू शकतो, हे वेंगुर्ल्यात दिसले आहे. तेथे स्वामिनी बचत गटाच्या महिला २०१७ पासून मांडवी खाडीत स्वतः होडी वल्हवून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात.

राखणीची रक्कम किती असावी, हे मात्र डोंगराकडच्या वाडीला समोर बसवूनच ठरायला हवे. त्यासाठीची ग्रामसभा पाहुणे येऊ लागण्यापूर्वी, भातकापणी उरकल्यावर भरवावी. कोणाच्या शेताचे किती गेले, हे तेव्हा प्रत्येकाला तोंडपाठ असते.