शिट्टीनंतरची दहा मिनिटं

(दृश्य: पहाट. मैदानावर फक्कीने आखलेला ट्रॅक.)

पोलीस भरतीचं ग्राउंड. मुलांना १६०० मीटर, म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या. मुलींना ८०० मीटर. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण या एका धावण्याला. त्यासाठी ही पोरं महिनोन्महिने अंधारात उठून येतात. पळायचं कसं, हे त्यांना सगळेच शिकवतात. थांबायचं कसं, हे फारसं कुणी सांगत नाही.

(दृश्य: धावणारे पाय, संथ गतीत. मग मान आणि पाठीवरचा घाम.)

स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात, त्यातला जेमतेम पाव हिस्सा कामी येतो. बाकीची उष्णता होते. ६० किलो वजनाचा मुलगा १६०० मीटरला साधारण १०० किलोकॅलरी खर्च करतो. त्यातल्या ७५ ते ८० अंगातच तापतात. त्याच्या शरीराचं तापमान १ अंश सेल्सिअसने वाढायला ५० किलोकॅलरी पुरतात. उष्णता बाहेर पडलीच नसती, तर चार फेऱ्यांत दीड अंशाची वाढ ठरलेली.

ती बाहेर पडते, कारण रक्त आतली उष्णता कातडीपर्यंत आणतं आणि वरून घाम वाळतो. १ लिटर घाम पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. मात्र तो अंगावर वाळायला हवा. हनुवटीवरून मातीत टपकलेला थेंब काहीच नेत नाही.

(दृश्य: अंतिम रेषा. शिट्टी. गुडघ्यांवर हात टेकून उभे असलेले धावपटू.)

आता या मुलाचे पाय बघा. शेवटच्या पावलापर्यंत त्याच्या पोटऱ्या आकसत होत्या आणि प्रत्येक आकसण्याला शिरांतलं रक्त वर हृदयाकडे ढकलत होत्या. तो रेषेवर थांबला आणि हा पंप बंद पडला. मांड्या-पोटऱ्यांतल्या रक्तवाहिन्या मात्र अजून रुंदच आहेत. माणूस नुसता उभा राहिला, तरी अर्धा-पाऊण लिटर रक्त खाली उतरतं. इथे तर ते साचायला जागाच मोकळी आहे. हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, रक्तदाब उतरतो.

मानेतल्या आणि हृदयालगतच्या मोठ्या धमन्यांच्या भिंतींत हा दाब टिपणारी मज्जातंतूंची टोकं असतात. ती मेंदूला कळवतात, आणि मेंदू आधी रक्तदाब सावरतो. कातडीकडचं रक्त कमी करतो. घामही आवरता घेतो. अंग आतून तापलेलं असतानाच उष्णतेच्या वाटा अरुंद होतात.

(दृश्य: रेखाचित्र. बसलेला माणूस, शेजारी डोक्याकडून कललेलं बाक.)

कॅनडातल्या ओटावा विद्यापीठात ग्लेन केनी यांच्या गटाने हे मोजलं. १५ मिनिटं जोरात सायकल, मग तासभर विश्रांती. एकदा ताठ बसून, एकदा डोक्याची बाजू १५ अंश खाली ठेवून आडवं. आडव्या स्थितीत कातडीचा रक्तप्रवाह जास्त राहिला, घाम जास्त आला आणि शरीराच्या आतलं तापमान लवकर उतरलं. पुरुषांत आणि स्त्रियांत सारखंच. फरक फक्त शरीर कसं ठेवलं याचा होता.

(दृश्य: वेळ लिहून घेण्यासाठी लागलेली रांग.)

म्हणून ही रांग मोडायला हवी. वेळ टिपायची, तर वही घेतलेल्या माणसाने मुलांबरोबर चालावं. रेषा ओलांडल्यावर पाच ते दहा मिनिटं सावकाश चालणं, हा धावण्याचाच भाग धरायचा.

(दृश्य: सावलीत चादर. पाय जुन्या टायरवर.)

ज्याला गरगरतंय, त्याला चालवू नका. सावलीत चादर टाका, कारण उन्हाने तापलेली जमीन उलट उष्णता देते. उताणं झोपवा, पाय टायरवर, फूटभर उंच. बूट सैल, बनियन वर, पुठ्ठ्याने वारा. कुशीवर झोपवायचं ते फक्त उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर. (दाबल्या गेलेल्या बाजूचा घाम कमी होतो, हे जपानमध्ये ताकागी आणि साकुराई यांनी १९५० सालीच दाखवलं होतं.) नुसता रक्तदाब उतरला असेल, तर काही मिनिटांत चेहऱ्यावर तरतरी येते.

(दृश्य: ताडपत्री. बर्फाच्या लाद्या फोडणारे हात.)

पाय वर करूनही तो असंबद्ध बोलत असेल, चिडत असेल, झोकांड्या खात असेल, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका. श्रमाच्या उष्माघातात घाम असू शकतो. काखेतला किंवा कपाळावरचा आकडा इथे फसवतो. गुदद्वारातून मोजलेलं तापमानच खरं. ते ४० अंशांच्या वर अर्ध्या तासापेक्षा जास्त राहिलं, तर यकृत, मूत्रपिंडं, मेंदू, जीव, सगळंच पणाला लागतं.

१०८ ला फोन लावा, पण गाडीची वाट बघत बसू नका. ताडपत्रीवर मुलाला झोपवा. पाच-सहा जणांनी कडा उचलून धरा, एकाने डोकं पाण्याबाहेर सांभाळा. शंभरेक लिटर पाणी, त्यात तीन-चार बादल्या बर्फ. ताडपत्री सतत हलवत राहा. पाणी स्थिर राहिलं, तर अंगालगत कोमट थर बसतो आणि गार होणं मंदावतं. अंग नीट बुडालं असेल, तर साधारण पाच-सहा मिनिटांत एक अंश उतरतो. अमेरिकेत फालमथच्या शर्यतीत १८ वर्षांत उष्माघाताच्या २७४ रुग्णांना गार पाण्यात बुडवून थंड केलं गेलं, सगळे वाचले.

आकडा ३९ च्या जरा खाली आला की बाहेर काढायचं, नाहीतर अंग गरजेपेक्षा जास्त गार पडतं. थर्मामीटर नसेल, तर दहा ते पंधरा मिनिटं मोजायची. मग कोरडं करून गाडीत.